अंगठ्याचा दाब

मंगळवार, रात्री उशिरा

कूलर बंद केला तरी झोप नाही. संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. ‘स्नेक ईटर’ या लपूनछपून शत्रूच्या हद्दीत शिरायच्या गेममध्ये पहारेकऱ्याला मागून धरलं आणि लक्षात आलं की इथे आता अंगठ्याला काही कामच उरलेलं नाही.

तक्रार गेमबद्दल नाही. २००४ चा हा ‘मेटल गिअर सॉलिड ३: स्नेक ईटर’ २०२३ च्या मास्टर कलेक्शन या जुन्या गेमच्या संचात पुन्हा आला तो नीटच आला. प्लेस्टेशन ५ वर सेकंदाला ६० फ्रेम, पूर्वीच्या दुप्पट. गवतात आडवं पडलं की कोपऱ्यातला लपण्याचा टक्का तसाच चढतो, सायलेन्सर तसाच झिजतो, डी-पॅडने, म्हणजे दिशांच्या बटणांनी, चाललं तर पावलांचा आवाज होत नाही, काडीने, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीने, चाललं तर होतो. सगळं जागच्या जागी. फक्त पॅडवरचं गोलाच्या खुणेचं बटण मुकं झालं.

प्लेस्टेशन २ च्या पॅडवर ते मुकं नव्हतं. बटणाखाली रबराची टोपी, तिच्या आत वीज वाहणारा काळा ठिपका, खाली कार्बनची पातळ पट्टी. जोर वाढला की ठिपका पसरून पट्टीला जास्त टेकतो, विजेला होणारा विरोध कमी होतो आणि यंत्राला ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. गेमने हे पुरेपूर वापरलं. हात रिकामा, किंवा हातात चाकू-पिस्तूल, काडी सोडलेली, गोल हलकेच दाबून ठेवलं की माणूस मिठीत. काडी ढकललेली असताना दाबलं तर तोच माणूस जमिनीवर आपटतो. धरल्यावर डावी काडी आत दाबली की तो बोलायला लागतो, आणि कधी त्या भागाची रेडिओ फ्रिक्वेन्सी सांगून टाकतो. त्या फ्रिक्वेन्सीवरून पुढे सुरू झालेला अलार्मही बंद करता येतो. गोल हलके हलके टिचकत राहिलं की तो बेशुद्ध. आणि अंगठा जरा जास्त रुतला की गळा चिरला.

माहिती काढायची आणि माणूस जिवंत ठेवायचा, हे सगळं त्या जराशा फरकावर चालायचं. चौकोनाच्या बटणाचंही तेच: नेम धरून बटण झटकन सोडलं तर गोळी, सावकाश सोडलं तर बंदूक खाली.

नवीन पॅडवर हे शक्यच नाही. ड्युअलशॉक ४, म्हणजे प्लेस्टेशन ४ च्या पॅडपासून या बटणांतलं दाब ओळखणं काढून टाकलं. बटण दाबलंय किंवा नाही, एवढंच त्याला कळतं. म्हणून आता गळा चिरायला वेगळं बटण. सोय म्हणून बरोबरच आहे. मग वाईट का वाटतंय?

कारण ते हाताला आलेलं होतं. आपल्याकडच्या गेम पार्लरमधल्या पॅडवर तर फारच अवघड, कारण त्याच पॅडवर दिवसभर मारामारीचे गेम चालायचे. वैशाखात धूळ आणि घाम, दोन्ही फटीतून आत जायचे. रबर कडक व्हायचं. मग हलकं दाबलेलं लागायचंच नाही, जोर दिला की एकदम वरचा आकडा, आणि पहारेकरी मेला. मागून कोणीतरी ओरडायचंच, “भो, हळू ना!” पॅड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने ठिपके पुसले की बरंच सुधारायचं. पट्टीवरचा काळा थर मात्र घासायचा नाही. तो निघाला की पॅड गेला. हे सगळं शिकलेल्या अंगठ्याचं आता करायचं काय? कोणाला दाखवायचं? पिंट्याला सांगितलं तर तो म्हणाला, “काका, बटण वेगळंय ना, मग प्रॉब्लेम काय?”

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. 

पण गेममधली नदी आठवली. ग्रोझ्नी ग्राड या शत्रूच्या किल्ल्यातून निसटून धबधब्यात उडी मारल्यावर द सॉरो या भुताची ती नदी लागते. आपण मारलेला एकेक शिपाई समोरून चालत येतो, ज्या जखमेने मेला ती जखम घेऊन. गळा चिरलेला गळा धरून येतो. अंगाला लागला की आयुष्याची पट्टी कमी होते, म्हणून कडेकडेने सरकायचं. बॉस, म्हणजे गेममधले मोठे शत्रू, तर येतातच, त्यांना झोपवणाऱ्या सुया मारून हरवलं असलं तरी. शेवटी मरायचं, आणि मेल्यावर पडद्यावर गेम संपल्याचे शब्द असतानाच दातातली पुनरुज्जीवनाची गोळी वापरायची. हे ज्याला ठाऊक नाही तो तिथेच अडकतो.

त्या नदीत पूर्वी निम्मे चेहरे असे असायचे की म्हणता यायचं, हा माझा नाही, हा कडक रबराचा. आता तसं म्हणता येणार नाही. बटण वेगळं आहे. जो समोर येईल त्याला मीच ठरवून पाठवलेला असेल.

हे लिहिताना जाणवतंय, माझ्याकडून गेलं ते फक्त कसब नाही. तो आडोसाही गेला. कसबाचं दुःख आहेच, ते राहील. पण आडोसा गेला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. उलट थोडं बरंच वाटतंय, का ते नीट सांगता येत नाही.

असू दे. उद्या नवीन सेव्ह, अगदी जंगलात उतरण्यापासून. एमके २२ या झोपवणाऱ्या सुयांच्या पिस्तुलाचा नेम फक्त डोक्यावर, म्हणजे माणूस जागीच झोपतो. सुई हातापायाला लागली तर झोपेपर्यंत तो आरडाओरडा करू शकतो. सायलेन्सर जपून, जवळ जाता येत असेल तिथे गोळी नाहीच. धरायचा, विचारायचं, टिचकत बेशुद्ध करायचा, ओढून गवतात टाकायचा. नदीत या वेळी फक्त बॉस भेटले पाहिजेत.