तुम्ही विचारलेत म्हणून: नाताळच्या सुट्टीत चाळीसगाव कशासाठी?

डिसेंबर उजाडला की नात्यातली आणि शेजारची माणसे हमखास विचारतात: लोक नाताळच्या सुट्टीत मुलांना समुद्रकिनारी किंवा थंड हवेच्या ठिकाणी नेतात, मग तुम्ही जळगावहून चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस यांचे कला दालन काय पाहता, आणि एवढ्या लहान मुलांना त्यातले कळते तरी काय? प्रश्न आपुलकीचा असतो, म्हणून उत्तरही नीट द्यावेसे वाटते.

केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतल्यावर मुंबईत बस्तान बसवणे त्यांना सहज शक्य होते. तरीही ते चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या घरात राहिले, घराबाहेर क्वचितच पडले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी निवर्तले. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची ते रोज वाट पाहत, ही आख्यायिका खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. मुलांना ती आधी सांगणे मात्र मला पसंत नाही, कारण मग त्यांचे लक्ष चित्रांवरून उडून दाराकडे लागते.

मुलांना मी आधी दाखवते ती त्यांची टेबल-टॉप छायाचित्रे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या आणि केवळ प्रकाश व कॅमेऱ्याचा कोन यांच्या जोरावर पाहणाऱ्याला दूरवर पसरलेल्या खऱ्या दृश्याचा भास घडवायचा, असे हे तंत्र आहे. हे सारे टेबलावर उभे केलेले आहे, यावर माझ्या मुलीचा विश्वासच बसेना. ती छायाचित्राच्या अगदी जवळ गेली, मागे सरकली, पुन्हा जवळ गेली आणि टेबलाची कड कुठे सापडते का, हे बराच वेळ शोधत राहिली. एरवी एका जागी न थांबणारे मूल एखाद्या चित्रासमोर इतका वेळ आपणहून उभे राहते, तेव्हा त्याला काय कळले हे तोंडी वदवून घेण्याची मला गरज वाटत नाही.

घरी आल्यावर तिने नाताळच्या शुभेच्छापत्रावरचा बर्फ करायला घेतला. आमच्याकडे बर्फ कुठला! तिने आजीकडून दादर ज्वारीचे पीठ मागून घेतले, आणि गोळे राहिले तर डोंगर खोटा दिसेल म्हणून आजीने ते आधी चाळून दिले. तुरीच्या काड्यांची झाडे झाली. वरून दिव्याचा उजेड पडत होता तोवर ते ताटात सांडलेले पीठच दिसत होते. विजेरी टेबलाच्या पातळीवर एका बाजूला धरली, तेव्हा प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडली आणि डोंगर उभा राहिला. मूस यांनी आपल्या घराला ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ असे नाव का दिले असावे, हे मी तिला त्या दिवशी सांगू शकले. सतराव्या शतकातील त्या डच चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांतही प्रकाश बहुधा एकाच बाजूने येतो, चेहऱ्याचा काही भाग उजळतो आणि बाकीचे अंधारावर सोडलेले असते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतील युरोपीय चित्रे आहेत. मुलांना तीही दाखवावीत. परंतु तिथल्या मोठ्या दालनांत मुले लवकर थकतात, आणि चित्र काढणारा माणूस त्यांच्यासाठी फार दूरचा राहतो. चाळीसगावात तो माणूस जिथे राहिला, जिथे काम करत बसला, ते घरच समोर असते. आपल्याच मुलखात, रोज गाड्या जातात त्या रुळांच्या शेजारी, टेबलावर मावेल एवढ्या सामानातून एवढे मोठे काम झाले, हे मुलांनी लहानपणीच पाहावे असे मला मनापासून वाटते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला न्यावे का, असेही काही जण विचारतात. अवश्य न्यावे, मात्र एकाच फेरीत सगळे दालन दाखवून संपवण्याचा हट्ट धरू नये, आणि प्रत्येक चित्राखालची माहिती वाचून दाखवू नये. आम्ही मुलांना फक्त उजेड कोणत्या बाजूने येतो आहे एवढेच विचारतो. धाकटा अजून शब्दांत सांगत नाही, नुसते बोट दाखवतो, आणि बहुतेक वेळा त्याचे बरोबर असते.