मिरचीच्या पथारीवर 'एम्बॅरस्ड'

मी धुळ्यात स्पॅनिश शिकवते. खान्देशात स्पॅनिश कोण शिकतं, असं पाहुणेमंडळी हमखास विचारतात. शिकणारे आहेत. पुण्याच्या कंपन्यांत भाषेच्या जोरावर नोकरी शोधणारी मुलं आहेत, परदेशी माल पाठवणाऱ्या घरातली पोरं आहेत. क्लासच्या जोडीला दुभाषाचं आणि कागदपत्रांच्या भाषांतराचं कामही येतं. मागच्या हिवाळ्यात असंच एक काम नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याकडून आलं. स्पेनमधल्या मुर्सियाहून एका मसाला कंपनीचे खरेदी अधिकारी येणार होते. मुर्सिया हा तिकडच्या लाल मिरचीच्या पुडीचा जुना मुलूख. त्या पुडीला ते पिमेंतोन म्हणतात.

शेठच्या पुतण्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही दुपारी दोनला या. सकाळी मी त्यांना फिरवतो, त्यांना इंग्लिश येतं. तुमची गरज कागदांपुरती आहे."

दोंडाईचामार्गे रस्ता मोकळा मिळाला आणि मी अकरालाच पोचले. ऑफिसात गेले तर टेबलावर पपईच्या फोडी, कोमट पाण्याचा तांब्या आणि इसबगोलचा डबा. पाहुणे समोर बसलेले, नाक लालभडक, हातात रुमाल, आणि चेहऱ्यावर हे सगळं काय चाललंय असा भाव. शेठ हळूच मला म्हणाले, "ताई, बिचाऱ्याचं पोट साफ नाही. आल्या आल्या त्यानेच सांगितलं." पाहुणे म्हणाले होते, "आय अ‍ॅम व्हेरी कॉन्स्टिपेटेड." त्यांना सांगायचं होतं की सर्दी झालीय. स्पेनमध्ये सर्दीने नाक चोंदलं की माणूस 'कोन्स्तिपादो' होतो. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, दाबून भरणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद. स्पॅनिशमध्ये ते नाकापाशी थांबलं आणि इंग्रजीत पोटाशी. मी आल्याचा चहा मागवला आणि पपई उचलायला सांगितली.

इथवर सगळं हसण्यावारी जाण्यासारखं होतं. पण पाहुण्यांचं इंग्रजी कोणत्या प्रकारचं आहे, हे मला त्यातून कळलं. स्पॅनिश शब्दाला इंग्रजी शेपूट लावायचं आणि पुढे जायचं, असं ते बोलत होते. यात त्यांचा दोष धरता येत नाही, कारण निम्म्याहून अधिक वेळा ते जमून जातं. हॉस्पिटल, अ‍ॅनिमल, कलर, डॉक्टर हे शब्द दोन्हीकडे लिहायलाही जवळपास सारखेच. 'शन'ने संपणारे इंग्रजी शब्द 'सिओन'ने संपवले की बहुतेक वेळा बरोबर स्पॅनिश शब्द तयार होतो. असं दहादा बरोबर आलं की अकराव्या वेळी कोणी डिक्शनरी उघडत नाही. परका शब्द दिसला तर माणूस निदान थांबतो, विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द थांबूच देत नाही. म्हणून मी दोनची वाट न बघता त्यांच्याबरोबर पथारीवर जायचं ठरवलं.

नंदुरबारकरांना पथारी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. शेतकऱ्याकडून ओली लाल मिरची घेऊन व्यापारी ती मोकळ्या मैदानावर वाळत घालतात, तीच पथारी. हंगामात गावाबाहेर नजर जाईल तिथवर लाल. तिथे उलथापालथ करायला, डागी मिरची वेचायला, देठ खुडायला बायका असतात. बऱ्याच जणी धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या. पदर नाकातोंडावरून घट्ट बांधलेला, फक्त डोळे उघडे. वारा फिरला की ठसका सगळ्यांनाच लागतो. देठ खुडणारीच्या बोटांची आग रात्री तेल चोळलं तरी जात नाही.

पाहुणे कामात पक्के होते. मिरची हातात घेऊन मोडून बघत होते, आतली बी हुंगत होते, खालच्या थरात हात घालून ओल तपासत होते. एका बाईपाशी ते थांबले. ती उकिडवी बसायला जात होती आणि कमरेवर हात ठेवून सावकाश टेकली. त्यांनी पुतण्याकडे वळून विचारलं, "शी इज एम्बॅरस्ड?"

पुतण्या हसून म्हणाला, "यस सर, लिटल एम्बॅरस्ड. नो प्रॉब्लेम. शी विल वर्क."

पाहुण्यांचा चेहरा बघता बघता बदलला. खिशातली डायरी काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. पुतण्याला वाटलं, बाई परक्या माणसाला लाजली असं साहेब म्हणताहेत. पाहुण्यांना कळलं ते असं: ही बाई गरोदर आहे, मालकाला ते ठाऊक आहे, आणि तरी 'काही अडत नाही, काम करेल' असं तो हसून सांगतोय. कारण स्पॅनिशमध्ये 'एम्बाराथादा' म्हणजे गरोदर. क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच मी हा शब्द फळ्यावर लिहिते. मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात. पथारीवर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

मी मध्ये पडले. पाहुण्यांना स्पॅनिशमध्ये सांगितलं की पुतण्याने 'लाजली आहे' असं उत्तर दिलंय, तुमचा प्रश्न त्याला कळलेलाच नाही. पुतण्याला मराठीत सांगितलं, साहेब विचारताहेत की ही बाई पोटुशी आहे का. तो एकदम गप्प झाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. पथारीवर माणसं मुकादम आणतो, मालकाकडे फक्त हजेरी येते.

मग मी बाईजवळ जाऊन बसले आणि तिलाच विचारलं. आधी ती मान हलवून नाही म्हणाली. मुकादम जरा लांब गेल्यावर म्हणाली, "पाचवा लागला ताई. सांगितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील."

हे भाषांतर करताना मला फार जपून बोलावं लागलं. तिची मजुरी माझ्या वाक्यावर टांगलेली होती. पाहुण्यांना मी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, काम जाण्याच्या भीतीसकट. ते शेठना म्हणाले की बाईला काढून टाकलं तर मला ते आणखी वाईट वाटेल, तिला धुळीतून हलवा. शेठनी जास्त बोलणं केलं नाही. तोलाईच्या खोलीत पोत्यांना चिठ्ठ्या लावायचं काम होतं, बसून करायचं आणि सावलीतलं. तिला तिथे पाठवलं, रोज तोच ठेवला. मुकादमाच्या तोंडावरून त्याला हे पटलं नव्हतं हे दिसत होतं, पण शेठपुढे तो बोलला नाही.

फ्लोरिडातल्या विली रामिरेझची गोष्ट मी दर बॅचला सांगते. १९८० साली हा अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात आणला गेला. घरचे क्यूबातून आलेले, स्पॅनिश बोलणारे. काहीतरी खराब खाण्यात आलं असावं असं त्यांना वाटत होतं, म्हणून त्यांनी 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत तो खाण्यापिण्यातून बाधा झालेल्या माणसालाही लागतो. हॉस्पिटलातल्यांनी त्यातून इंग्रजीतला 'इन्टॉक्सिकेटेड' ऐकला आणि मुलाने नशेचं औषध जास्त घेतलंय असं धरून उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेली आणि मुलाचे हातपाय कायमचे गेले. पुढे नुकसानभरपाईची जी तडजोड झाली तिची जन्मभराची रक्कम सुमारे ७.१ कोटी डॉलर सांगतात. दुभाषा कोणी मागितला नव्हता, कारण शब्द कळला असंच दोन्ही बाजूंना वाटत होतं.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. हिंदी मुलखातून आलेला माणूस 'मेरी शिक्षा पूरी हुई' म्हणतो तेव्हा मराठी माणसाच्या मनात क्षणभर तुरुंग येतो. 'मुझे कोई आपत्ति नहीं' म्हणजे माझी हरकत नाही, पण आपली आपत्ती म्हणजे पूर नाहीतर दुष्काळ. त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपली चेष्टा म्हणजे थट्टा. संस्कृतातून निघालेला एकच शब्द दोन घरी वाढला आणि दोन स्वभावांचा झाला. स्पॅनिश-इंग्रजीत हे काम लॅटिनने केलं. स्पॅनिश लॅटिनमधूनच उतरली, इंग्रजीत लॅटिन शब्द बरेचसे फ्रेंचमार्गे आले. 'एम्बॅरस'चा प्रवास तर आणखी मजेशीर आहे. अडथळा करणं, अडकवणं या अर्थाचं स्पॅनिश क्रियापद फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत. इंग्रजीत मनाची अडचण उरली, स्पॅनिशमध्ये अवघडलेली बाई. मराठीतलं 'अवघडणं' दोन्ही अर्थ सांभाळतं, हे मला नंदुरबारहून परतताना गाडीत सुचलं.

दुपारी कागद समोर आले. कराराचा मसुदा स्पॅनिशमध्ये होता आणि पुतण्याने आधीच पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या. मेहनत घेतली होती पोराने. एका ओळीत ओलाव्याची मर्यादा होती, 'ओन्थे पोर सिएन्तो', म्हणजे अकरा टक्के. अकराला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या 'वन्स'सारखं हुबेहूब आहे. पुतण्याने बाजूला लिहिलं होतं, 'ओलावा एकदाच तपासायचा.' वाळवणीचा सगळा हिशेब ज्या आकड्यावर, तो आकडाच त्याच्या नजरेतून सुटला होता. मिरचीत ओल राहिली की बुरशी धरते आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. युरोपात मिरचीसाठी त्याची मर्यादा किलोमागे दहा मायक्रोग्रॅम आहे, त्यातल्या बी-१ या प्रकाराची पाचच. कंटेनर तिकडच्या बंदरात अडकला की काय होतं हे शेठना चांगलं माहीत होतं. त्यांनी ती पेन्सिलची खूण स्वतः खोडली.

पुढच्या कलमात कंपनीचा तंत्रज्ञ भरणीच्या वेळी 'आसिस्तिरा' असं लिहिलं होतं. पुतण्याच्या मते त्यांचा माणूस भरणीला मदत करणार. खरा अर्थ हजर राहणार, म्हणजे उभा राहून तपासणार आणि नापसंत पोतं बाजूला काढणार. नमुन्याच्या पाकिटावर छापायला दिलेला मजकूरही मी वेळेत थांबवला. टिकवण्यासाठी काहीही घातलेलं नाही, हे सांगायला त्याने 'प्रेसेर्बातिबो' शब्द घेतला होता. स्पॅनिशमध्ये तो निरोधचा अर्थ देतो. खाण्याच्या पदार्थासाठी 'कोन्सेर्बान्ते' म्हणतात. तो दुरुस्त करून छपाईवाल्याला लगेच फोन गेला.

खरी गाठ होती ती 'एबेन्तुआलमेन्ते' या शब्दात. आधीच्या मेलमध्ये वाक्य होतं की कंपनी सध्या दोन कंटेनर घेईल आणि 'एबेन्तुआलमेन्ते' दरमहा एक. 'इव्हेन्च्युअली'च्या ओळखीवर घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला होता, पुढेमागे दरमहा एक कंटेनर नक्की. त्या भरवशावर शेठनी आणखी एक पथारी भाड्याने घ्यायची बोलणी केली होती आणि बँकेत कर्जाचा अर्ज तयार ठेवला होता. स्पॅनिशमध्ये त्या शब्दात कसलंही वचन दिलेलं नसतं. कदाचित, प्रसंग पडला तर, जमलं तर, एवढंच त्याचं वजन.

मी हे फोडून सांगितलं तेव्हा शेठ बराच वेळ मसुद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, त्यांनाच विचारा. लपवाछपवी नको." मी थेट विचारलं, दरमहाचा कंटेनर ठरलाय की नाही. पाहुणे चकित झाले. ते म्हणाले, "ठरलेला कसा असेल? माल बघायच्या आधी कोण ठरवेल?" त्यांच्या बाजूने ते सरळच बोलले होते, मेलमध्येही आणि समोरही.

त्यानंतरची बोलणी मात्र चांगली झाली. दोन कंटेनर नक्की, भावाचं कलम स्वच्छ, आणि पुढचं पहिल्या मालाच्या अहवालानंतर. 'एबेन्तुआलमेन्ते' असलेलं वाक्य करारातून काढून टाकायला पाहुणेच तयार झाले. शेठनी भाड्याची पथारी सोडली, बँकेचा अर्ज कपाटात गेला. सही झाल्यावर पाहुण्यांनी डायरीतलं सकाळचं पान उघडून मला दाखवलं. पथारीबद्दलची ओळ त्यांनी खोडली होती आणि खाली तोलाईच्या खोलीची नोंद केली होती.

पुतण्या आता माझ्या ऑनलाइन बॅचला बसतो. कष्टाळू आहे, शंका विचारतो, आणि ओळखीचा वाटणारा शब्द आला की पेन्सिल खाली ठेवून डिक्शनरी उघडतो. ती बाई सातव्या महिन्यापर्यंत तोलाईच्या खोलीत होती, मग गावी गेली, असं त्याच्याकडूनच कळलं. पुढे मुर्सियाचा तंत्रज्ञ भरणीला आला तेव्हा शेठनी मला आदल्या संध्याकाळीच बोलावून घेतलं, आणि पथारीवरची फेरी सकाळी सातपासून आम्ही तिघांनी मिळून मारली.