फेरारी नाही रे

शनिवार, रात्र. डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरचा गाड्यांचा मेळा बघून परत.

गर्दी नेहमीसारखीच. पेट्रोलचा वास, घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांवर टोप्या घातलेले आजोबा. तेवढ्यात ओम ओरडला, "बाबा, बघ ना, फेरारी!" वळून पाहिलं तर पिवळीधमक कॉर्व्हेट, शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार, आठवी पिढी. "फेरारी नाही रे, कॉर्व्हेट आहे ती." "सेमच दिसते," म्हणाला आणि आइस्क्रीमच्या रांगेकडे पळाला.

माझं तेव्हापासून जे बिनसलंय ते अजून तसंच आहे. प्राचीने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. काय सांगणार? पोराने एका गाडीला दुसरीचं नाव दिलं, हे काय तोंड पाडून बसायचं कारण आहे? बरं, गाडी माझी नाही. कधी होती असंही नाही. डेट्रॉइटच्या उशाला राहून आमच्या दारात उभी आहे ती जपानी. तरी लागलं. का लागलं?

बॉनेटमुळे असावं. माझ्या डोक्यातली कॉर्व्हेट म्हणजे पुढे हे एवढं लांब बॉनेट आणि माणूस पार मागच्या चाकांपाशी टेकलेला. सांगलीच्या खोलीतलं ते कॅलेंडर... असो. 2020 साली यांनी इंजिन उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलं आणि बॉनेट गेलं. क्लचचं पेडलही गेलं. शेपटाकडचे चार गोल दिवे तर 2014 लाच चौकोनी झाले होते. मग उरलं काय? नाव. म्हणजे ओमचं बरोबरच की, आणि नेमकं तेच सोसत नाहीये.

पिवळीच्या मागून एक 1975 ची आली, लाल, तिसऱ्या पिढीतली. संध्याकाळ झाली होती म्हणून मालकाने दिवे लावले. दिवे बॉनेटमध्ये लपलेले, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर वर येणारे. डावा आला. उजवा अर्ध्यावर येऊन अडला. म्हातारबुवा शांतपणे उतरले, बोटांनी दिव्याची कड धरून तो वर ओढला, पॅन्टला हात पुसले आणि पुन्हा आत जाऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या साली साध्या कॉर्व्हेटची ताकद उतरून 165 अश्वशक्तीवर आली होती, धुराचे नियम कडक झाले होते ना. आज मुलांना शाळेत सोडणारी व्हॅनसुद्धा तिला मागे टाकेल. पण तिला कुणी फेरारी म्हटलं नसतं. बघा, फिरून तिथेच आलो.

घरी येऊन जेवण होईपर्यंत धुसफुसत होतो. मग भांडी घासताना एकदम आठवलं आणि हसूच आलं. क्लच गेला म्हणून मी गळा काढतोय, पण पहिल्या गाडीला तरी क्लच कुठे होता? 1953, फ्लिंटचा कारखाना. 300 गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, फायबरग्लासची बॉडी, सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गिअरचं ऑटोमॅटिक! आठ सिलिंडरचं व्ही-एट आलं 1955 मध्ये, हाताने टाकायचे गिअर त्याच्याही नंतर. म्हणजे मी ज्याला 'असली' म्हणतो ते सगळं मागाहून चिकटवलेलं.

आणि इंजिनिअर झोरा आर्कस-डुंटोव्ह. ज्याला सगळे कॉर्व्हेटचा बाप म्हणतात, त्याने 1960 मध्येच इंजिन मागे ठेवून एक प्रायोगिक गाडी बांधली होती. पुढेही तो तेच मागत राहिला, कंपनी नाही म्हणत राहिली. 1975 ला निवृत्त झाला, 1996 ला गेला. त्याच्या अस्थी केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहेत, गाडीचा कारखाना जवळच. बापालाच जे बॉनेट नको होतं त्यासाठी मी सांगलीकर सुतक पाळतोय.

1963 च्या मागच्या काचेचं तेच. मधोमध दांडा. डिझाइनवाल्या बिल मिचेलला तो हवाच होता, डुंटोव्हला नको, कारण मागचं दिसत नाही. पुढच्याच वर्षी दांडा गेला. काही मालकांनी तर आपल्या गाडीतला कापून नवी अखंड काच बसवून घेतली. आज त्याच दांड्यासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. म्हणजे ओम पन्नाशीला येईल तेव्हा ही पिवळी बघून हळवा होईल आणि त्याच्या पोराला भलतंच काहीतरी वाटेल. होऊ दे.

येताना गाडीत म्हणालाच, "बाबा, पण त्याचं इंजिन काचेतून दिसतं, ते भारी आहे." भारी आहेच. मी हो म्हटलं नाही, एवढंच.

आता प्राची झोपलीये आणि मी पाचव्या पिढीतल्या जुन्या गाड्यांचे भाव बघत बसलोय. बॉनेट लांब, क्लच मिळतो, दिवे वर येणारे, मागचे चारही लंबगोल. भावही अगदीच आवाक्याबाहेर नाहीत. पण इतक्या पिढ्यांत सगळं बदललं, सीट तेवढ्या दोनच राहिल्या आणि आम्ही तीन. प्राचीला हे कसं पटवायचं ते उद्या बघू.