मनूची चाचणी मराठीत झाली तेव्हा

माझ्या मुलीचं, मनूचं वाचन म्हणजे पाठांतर आहे, हे कळायला मला तिसरीचं अख्खं वर्ष लागलं. बालभारतीचं पुस्तक मांडीवर घेऊन ती धडा घडाघडा म्हणायची आणि मी पोळ्या लाटता लाटता समाधानाने ऐकायचे. एकदा सहज वाकून पाहिलं, तर तोंडाने शेवटचा परिच्छेद चालू होता आणि बोट मात्र मधल्या चित्राखाली. बाई वर्गात दोनदा वाचून दाखवायच्या, तेवढ्यात तिचा धडा पाठ व्हायचा. मी मधलंच एक वाक्य वाचायला सांगितलं. 'भाकरी'चं 'माकरी' झालं, 'धरण'चं 'घरण', आणि मग पुस्तक मिटून ती रडायलाच लागली.

वह्यांमध्ये तर सगळं कधीपासूनच दिसत होतं. काना गळलेला, जोडाक्षर आलं की जागा कोरी, पंचवीस सांगितलं तर ५२. (आपण पाच आधी म्हणतो, वीस नंतर. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा सगळ्यांनी थट्टा केली, आमच्या घरातही. आता ती आठवली की वाईट वाटतं.) शाळेचा शेरा 'लक्ष देत नाही' असा. मीही तेच म्हणत होते. अभ्यासाला बसवून दोनदा तिच्यावर हातही उचलला होता. ते माझ्या मनातून जात नाही.

चौथीत गेल्यावर एका खासगी केंद्रात तपासणी करून घेतली. दोन तास, सात हजार रुपये. तिथे वाचायला इंग्रजी उतारे दिले, शब्दांचे अर्थही इंग्रजीत विचारले. मनू मराठी माध्यमात शिकते, घरी मराठीशिवाय दुसरं काही कानावर पडत नाही. बुद्ध्यांक ७४ आला, म्हणजे सरासरीपेक्षा बराच कमी. आम्ही दोघांनी तो आकडा मान खाली घालून स्वीकारला. 'कुठल्या भाषेत घेतलीत?' हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

ते विचारलं समग्र शिक्षा अभियानातून शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिकेने. अहवाल चाळला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हिला मराठीत कुणी काही विचारलंच नाहीये. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. वेळ लागेल, पण जा."

वेळ लागलाच. चार महिन्यांत पाच खेपा झाल्या. सहाची लोकल, केसपेपरची रांग, आणि त्या प्रत्येक दिवसाची माझी बिनपगारी रजा. जाणाऱ्यांसाठी सांगते: शाळेचं पत्र, दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि मुख्य म्हणजे वह्या जशाच्या तशा न्या. घरी बसून सुधारून घेतलेल्या, सुवाच्य वह्या नेऊ नका. तिथे चुकाच पाहायच्या असतात. आधी कान आणि डोळे तपासतात, कारण ऐकू किंवा दिसतच नसेल तर पुढचं सगळं वेगळं.

मग बालरोगतज्ज्ञांनी जन्मापासूनचं सगळं विचारलं. रडली कधी, चालली कधी, बोलायला कधी लागली. शेवटी, "घरात आणखी कुणाला लिहिण्यावाचण्याचा त्रास होता का?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, "मला." लग्नाला बारा वर्षं झाली. नववीत शाळा सुटली ती घरच्या परिस्थितीमुळे, एवढंच मला ठाऊक होतं. वायरिंगचं काम हे नुसत्या नजरेने करतात, पण सोसायटीची नोटीस आली की "तूच वाच" म्हणतात, ते का, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं आणि सांगितलं, हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं.

बुद्धिमापन बिनेट-कामत चाचणीने झालं. मूळ परदेशी चाचणी कामतांनी स्वातंत्र्याआधीच आपल्याकडच्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली होती, हे मला तिथेच कळलं. दार थोडं उघडं होतं. चाचणी घेणाऱ्या मॅडम आकडे सांगत होत्या आणि मनू ते उलटे म्हणत होती. तीन आकडे जमले, चारला अडखळली. मग वाक्यात काय चुकलंय ते ओळखायचं होतं, तेव्हा ती खळखळून हसली आणि चूक काय ते नीट समजावूनही सांगितलं. त्या हॉस्पिटलात तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. बुद्ध्यांक आला १०४.

हा आकडा नुसता मनाच्या समाधानाचा नाही. बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढे अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जातं का, याच्या चाचण्या घेतात. जुन्या ७४ वर मनू त्या दारापर्यंत पोचलीच नसती. म्हणून तळमळीने सांगते, आपलं मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत तपासा म्हणून हट्ट धरा. 'मराठीत साधनं नाहीत' असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही वाचनातल्या अडचणी तपासणारी चाचणी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी मराठीत आहे.

हॉस्पिटलातल्या विशेष शिक्षिकेने वाचन, लेखन, गणित वेगवेगळं तपासलं. निदान झालं: वाचन आणि लेखनातली अध्ययन अक्षमता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती दिव्यांगत्वात धरली आहे. मूल आठ वर्षांचं झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती आहेत, पण त्याला अवकाश आहे. सासूबाईंना 'दिव्यांग' शब्द फार लागला. दोन दिवस बोलल्या नाहीत. मग यांच्या जुन्या वह्या माळ्यावरून काढून आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. तेच गळलेले काने.

सध्या आठवड्यातून दोनदा उपचारात्मक वर्ग चालू आहे. घरी करायचं म्हणून ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवायला सांगितलंय, एका वेळी एकच जोडी. हा महिना 'भ' आणि 'म'चा. रात्री जेवणं झाली की मनू ताट घेऊन बसते. परवापासून हेही तिच्या शेजारी बसतात. आधी ती गिरवते, मग हे.