अंगठा

"तुमची किती येते हो?" बँकेच्या बाकावर शेजारी बसलेल्या निवृत्त गुरुजींनी बाबांना सहज विचारलं.

बाबांनी पासबुक मांडीवर पालथं घातलं. "येते थोडीफार."

एकतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर उभं राहून ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची, पेन्शन. महागाई भत्ता नाही. २०१४ला किमान १००० रुपये ठरले, ते अजून १०००च. गुरुजींना शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. खरं सांगते, रागच आला त्यांचा.

मग तेच म्हणाले, "मुलगाही शिक्षक, पण २००८चा. बाजार पडला की त्याचा जीव खालीवर." १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला ना, म्हणून वडिलांसारखी ठरलेली जुनी पेन्शन नाही, बाजारावर अवलंबून असलेली नवी. मार्च २०२३च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडत बसला होता म्हणे. तेव्हा मी घरी चहा पिताना म्हटलं होतं, "यांना अजून किती हवंय?"

गुरुजींची कमी केली तर बाबांची वाढणार आहे का?

हयातीच्या दाखल्याला गुरुजींचा अंगठा मशीनवर एका दमात उमटला. बाबांचा चारदा पुसूनही उमटेना. लेथने रेषाच घासून टाकल्यात.