शिडीची खिट्टी

घरातल्या शिडीचं कधी काही वाटत नाही. काम झालं की भिंतीला टेकवायची आणि विसरून जायचं. तीच शिडी मोटरहोमच्या, म्हणजे आतच राहायची सोय असलेल्या गाडीच्या, पाठीवर बसली की तिचा मान वाढतो. महिन्यातून जेमतेम दहा मिनिटं ती मला छतावर नेते आणि बाकी सगळा वेळ मीच तिला गावोगाव हिंडवत असतो.

आमची शिडी दोन तुकड्यांची, अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांची. वरचा तुकडा गाडीच्या मागच्या भिंतीला स्क्रूंनी पक्का बसवलेला. खालचा बिजागरीवर दुमडून वरच्या तुकड्यावर आणायचा आणि खिट्टी घालायची. तो लोंबता राहिला तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात जमिनीला आपटेल, शिवाय मुक्कामाच्या जागी आसपासची पोरं सरसर वर चढतील ती वेगळीच. त्यासाठी काही जण पायऱ्यांवर फळी लावून तिला कुलूप घालतात. मी अजून तिथवर पोचलेलो नाही.

मी पोचलो ते आवाजापर्यंत. पहिल्याच प्रवासात मागून सुरू झालं. टक्. टकटक. थोडी शांतता, की पुन्हा टक्. आम्ही आधी संशय घेतला तो अर्थातच स्वयंपाकघरावर. ताटल्यांच्या मध्ये टॉवेल घातले, चमचे कापडात गुंडाळले, पातेल्यांची झाकणं गादीखाली गेली. टकटक तशीच. शेवटी गाडी थांबवून बायको आत भिंतीला कान लावून बसली आणि मी बाहेर जाऊन सापडेल ते हलवत सुटलो. शिडीला हात लावताच आतून आवाज आला, "अहो, हाच! हाच तो मेला!"

गुन्हेगार निघाली खिट्टी. खिट्टी ६ मिलिमीटर जाडीची, भोक ८ मिलिमीटरचं. मधल्या दोन मिलिमीटरांत ती पठ्ठी मैलोन्‌मैल नाचत होती आणि तिच्या तालावर खालचा तुकडा वरच्याला टकरा देत होता.

मग मी हुकाची लवचीक दोरी आणली. बांधताना ती मोठी आश्वासक वाटते. पण ताणली जाणं हाच तिचा स्वभाव. खड्डा आला की शिडीबरोबर तीही थोडी मागे जाते, आणि परत येताना शिडीला दणका बसतो. उन्हात तिचं रबर मरतं ते वेगळंच. एकदा सोडताना हुक निसटला आणि कानाजवळून सूं करून गेला. तेव्हापासून अशी दोरी सोडताना मी तोंड बाजूला ठेवतो. नंतर तर तिला शिडीवरून काढूनच टाकलं.

तिच्या जागी न ताणला जाणारा विणलेला सपाट पट्टा आला, आणि दोन्ही नळ्यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. टकटक बंद! मी जिंकल्याच्या थाटात गाडी हाणली. वेग जरा वाढला आणि मागून सुरू झालं, भ्रूंऽऽऽ. एखादा प्रचंड भुंगा भिंतीला चिकटून बसावा तसं. वेग कमी केला की गप्प, वाढवला की पुन्हा हजर.

याचं कारण समजलं तेव्हा मात्र मजा वाटली. ताणलेल्या सपाट पट्ट्यावरून वारा गेला की पट्टा फडफडायला लागतो आणि तारेसारखा सबंध लांबीभर एका लयीत घुमतो. उपाय फुकटचा. बांधताना पट्ट्याला एक-दोन पीळ द्यायचे. मग वाऱ्याला सगळीकडे सारखी सपाटी मिळत नाही, एकीकडचं फडफडणं दुसरीकडच्याशी जुळत नाही आणि भुंगा उडून जातो. इतके दिवस मी पट्टा अगदी नीट, एकही पीळ न पडू देता बांधत होतो, आणि त्याचा मला अभिमानही होता!

आवाजाचं एक बरं असतं, तो लपत नाही. शिडी भिंतीला जिथे टेकते तिथले स्क्रू मात्र काही बोलत नाहीत. हिसके बसून बसून त्यांच्याभोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, सुटतं, पाणी गुपचूप आत शिरतं आणि आतलं लाकूड फुगतं. म्हणून मी हल्ली प्रत्येक स्क्रूच्या शेजारी अंगठा दाबून बघतो. भिंत मऊ लागली तर संपलंच. याच कारणाने शिडीवर सायकली टांगायचा मोह मी टाळला. अशा अनेक शिड्या ११३ किलोंपर्यंतचाच भार पेलणाऱ्या असतात, आणि तेही चढणाऱ्या माणसाचं वजन धरून. बाहेर काढलेल्या दांड्यावर सायकली टांगल्या की त्या स्क्रूंना भिंतीतून ओढत राहतात.

निघण्यापूर्वीचा माझा विधी आता ठरलेला आहे. तुकडा दुमडायचा, खिट्टी घालायची, पट्ट्याला पीळ द्यायचे, आवळायचा आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायचं. "एवढा वेळ त्या शिडीला," असं बायको दर वेळी म्हणते.

परवा मी छतावर सौर पॅनेलवरची पानं झाडत होतो. खाली काहीतरी खडखडलं, मग पट्टा आवळल्याचा कर्रकर्र आवाज, मग गदागदा. मी कडेशी येऊन वाकून पाहिलं. दुमडलेला तुकडा वरच्या पायऱ्यांवर घट्ट बसलेला, पाय घालायला बोटभर फट नाही. खिट्टी जागच्या जागी. पट्ट्याला दोन पीळ, माझ्यापेक्षा सुबक.

पुढच्या दाराशी हात पुसत ती म्हणत होती, "अहो, कुठे आहात? शिडी बांधली मी. चला, बसा लवकर."