आमची वाटचाल : नसलेली दोन जहाजं

उपग्रहाच्या रडारचित्रांत समुद्रावरची जहाजं शोधून द्यायची, हे आमचं काम. २०१७ साली कोथरूडच्या दोन खोल्यांत सुरुवात केली. भांडवल म्हणजे माझा पीएफ आणि सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची फुकट मिळणारी रडारचित्रं. एकेक फाइल जीबीच्या घरात. आमच्या आठ जीबी रॅमच्या डब्यावर स्नॅप हे चित्रं प्रोसेस करायचं सॉफ्टवेअर उघडलं की पंखा घरघरायला लागायचा. रात्री प्रोसेसिंग लावून झोपायचं आणि सकाळी पाहावं तर निम्म्यावर लटकलेलं. तरी व्हीएच या रडारचित्राच्या प्रकारातल्या काळ्याशार समुद्रावर पहिल्यांदा जहाजांचे ठिपके उमटले, तेव्हा भागीदार ओरडलाच, "अरे, मुंबईबाहेर एवढी रांग असते?" चालतं जहाज स्वतःच्या फेसाच्या रेघेवरून दोन-तीनशे मीटर बाजूला दिसतं, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर मी सगळ्यांना चहा पाजला.

मग डिसेंबर २०१९. समुद्र अगदी शांत. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा सांगणारा सिग्नल, बंद ठेवलेली दोन जहाजं आहेत, असा अहवाल आम्ही ऐटीत धाडला. गिऱ्हाइकाने बोट पाठवली, तर तिथे नुसतं पाणी! तेल काढायच्या प्लॅटफॉर्मचा लोखंडी सांगाडा रडारचित्रात इतका चमकतो की उपग्रहाच्या वाटेच्या दिशेने सुमारे पाच किलोमीटरवर त्याचं फिकट भूत उमटतं. खवळलेल्या समुद्रात ते हरवतं, संथ पाण्यात जहाज होऊन बसतं. चित्रातली जहाजं हेरणाऱ्या सीएफएआर या गणिती पद्धतीला काय, आजूबाजूपेक्षा उजळ दिसलं की झालं. किती उजळ ठिपक्याला जहाज मानायचं, तो थ्रेशोल्डही मीच खाली आणला होता, लहान ट्रॉलर सुटू नयेत म्हणून.

बिल अडकलं. पोरांचे पगार बायकोची एफडी मोडून दिले. भागीदाराने नोकरी धरली. त्याच्यावर राग नाही, घराचे हप्ते होते. राग आहे तो पुण्यातल्याच एका कंपनीवर. नाव घेत नाही. त्यांनी हा किस्सा प्रत्येक मीटिंगमध्ये रंगवून सांगितला आणि "आमच्याकडे एआय आहे" म्हणत निम्म्या दरात कामं उचलली. पुढे त्यांचा एक अहवाल माझ्या हाती लागला. समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याला त्यांनी नांगरलेलं मालवाहू जहाज ठरवलं होतं!

आमच्याबरोबर टिकले ते एकटे कॅप्टनसाहेब. मर्चंट नेव्हीतून निवृत्त, विम्याचे सर्व्हे करायचे. ते मला पहाटे ससून डॉकला घेऊन गेले, एका लाकडी होडीवर थाप मारून म्हणाले, "हिला तुझं रडार किती ओळखणार? आणि नाही दिसली, तर 'नाही' लिहिणार का तू?" त्या आठवड्यात मी प्रत्येक प्लॅटफॉर्मची आणि त्याच्या भुतांची जागा वहीत उतरवली. उपग्रहाची उत्तरेकडे जाणारी आणि दक्षिणेकडे जाणारी फेरी वेगळी, कारण भूतही त्यानुसार जागा बदलतं. ती वही अजून टेबलावर आहे.

नवीन पोरांना सांगतो, मॉडेल नंतर शिकवा, आधी बंदरावर जा. जमिनीचा मास्क, म्हणजे चित्रातली जमीन झाकणारा नकाशा, खाडीच्या तोंडाशी स्वतः तपासा. आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्याच.

२०२१पासून बरं चाललंय, सांगण्यासारखं काही नाही. ते बिल मात्र आजही यायचं आहे. त्यावरचा जीएसटी मी तेव्हाच भरला.